यंत्र अंगाला शिवत नाही, मग दुखतं कशानं?



मागच्या व्याख्यानात आपण देकार्तची ती प्रसिद्ध दोरी पाहिली. पाय विस्तवाजवळ गेला, पायापासून मेंदूपर्यंत गेलेला धागा ओढला गेला, वर घंटा वाजली, आणि त्या घंटेचं नाव वेदना. देकार्तच्या निधनानंतर, १६६०च्या दशकात हे लिखाण छापलं गेलं, आणि पुढे कितीतरी पिढ्या वेदनेचं हेच चित्र लोकांच्या डोक्यात राहिलं. आजही आहे. डॉक्टर विचारतात, "कुठं दुखतंय?" आणि आपण बोट ठेवतो. म्हणजे दोरीचं खालचं टोक दाखवतो.

व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी चिठ्ठी पाठवली. त्यांच्या यजमानांना तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू आहे. त्या लिहितात, यंत्र यांना हात लावत नाही, आत असताना गरम लागत नाही, टोचत नाही, पाच-दहा मिनिटांत बाहेर येतात. पण तिसऱ्या आठवड्यापासून तोंडात पाण्याचा घोटसुद्धा धरवत नाही. तुमच्या दोरीत हे कुठं बसतं?

चिठ्ठी वाचून आम्ही जरा गप्प झालो. कारण हा प्रश्न आमच्या घरात एकदा विचारला गेला होता, आणि तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणून आजचा ठरलेला विषय पुढे ढकलून आपण याच प्रश्नाकडे पाहणार आहोत. एक खुलासा आधीच करतो. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे. औषधं लिहून देणारे नव्हे. तेव्हा इथे जे सांगू ते समजून घेण्यासाठी, उपचारांसाठी तुमचे डॉक्टर आहेतच.

तर घरातली गोष्ट. २००९ साली आमच्या थोरल्या बंधूंना, दादांना, गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर निघाला. तंबाखू आणि चुन्याची डबी खिशात चाळीस वर्षं होती, त्यामुळे आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. ऑपरेशन झालं, मग तीस दिवसांचं रेडिएशन सांगितलं. पहिले दोन आठवडे दादा खुशीत होते. वहिनींना म्हणायचे, "उगाच घाबरवतात लोक, नुसतं झोपून यायचंय." तिसऱ्या आठवड्यात गालाला आतून पांढरट चट्टे आले आणि मग जे दुखायला लागलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. दादा वहीवर लिहून बोलायला लागले. एके दिवशी वहीत लिहिलं, "तू एवढा प्रोफेसर. सांग, यंत्र अंगाला शिवत नाही, मग दुखतं कशानं?"

त्यांनी आपलं उत्तर आपणच काढलं होतं. यंत्रवाल्यानं एके दिवशी जास्त दिलं आणि आपल्याला भाजलं. सोळाव्या दिवसानंतर ते जायचेच बंद झाले. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांकडे आपण पुन्हा येऊ.

आपल्याकडे रेडिएशनला लोक 'शेक' म्हणतात. कुठे 'लाईट' म्हणतात. हा 'शेक' शब्द फार फसवा आहे. शेक म्हटलं की तव्यावर गरम केलेलं फडकं आठवतं, आणि मग दुखलं की 'भाजलं' हेच मनात येणार. पण जरा हिशेब करून बघू. रेडिएशनची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा. रोज साधारण दोन ग्रे देतात. या दोन ग्रेंमुळे त्या जागेचं तापमान किती वाढतं? एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकं. तीस दिवसांचे साठ ग्रे एकदम दिले असं धरलं तरी अंशाच्या सत्तराव्या भागाच्या आसपास. चहाच्या एका गरम घोटात याहून कितीतरी पट जास्त उष्णता असते. तेव्हा दादांना भाजलं नव्हतं. निदान तव्यावर बोट भाजतं त्या अर्थानं नव्हतं. देकार्तच्या दोरीचं खालचं टोक कुणी ओढलंच नव्हतं.

हे सुरुवातीच्या काळात अंगावर घेऊन पाहणाऱ्यांत फ्रान्समधले लोक होते. १९०१ साली हेन्री बेकरेल यांनी रेडियमची छोटी काचेची नळी जाकिटाच्या खिशात काही तास बाळगली. काही जाणवलं नाही. पण पुढे काही दिवसांनी खिशाच्या जागी कातडी लाल झाली, नंतर तिथे जखम झाली, ती भरायला बरेच आठवडे लागले. पिएर क्युरी यांनी मुद्दाम स्वतःच्या हातावर रेडियम ठेवून तेच करून पाहिलं. तेच झालं. कॅन्सरवर रेडियम वापरायची कल्पना पुढे आली ती या जखमांवरूनच. आपल्याला यातला हवा तो भाग एवढाच : इजा होते त्या क्षणी काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा इजेला बरेच दिवस झालेले असतात. मधल्या काळात शरीरात काय चालतं?

किरण आत शिरतो तेव्हा त्याची गाठ बहुतेक वेळा पाण्याशी पडते, कारण पेशी म्हणजे मुख्यतः पाणीच. पाण्याचा रेणू फुटतो, हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अतिशय चिडका तुकडा तयार होतो, आणि सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्या आत तो शेजारच्या कशावर तरी तुटून पडतो. तो शेजारी डीएनए असला तर त्याचा धागा तुटतो. एक ग्रे मात्रेत एका पेशीतल्या डीएनएच्या एकेरी धाग्याला हजाराच्या आसपास तुटी पडतात. त्या पेशी सहज दुरुस्त करतात. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटण्याचे प्रकार काही थोड्या दशकांत मोजण्याइतकेच होतात, पण घात करतात ते हेच. कॅन्सरची पेशी मारायची ती याच मार्गानं. आणि तिच्या शेजारची निरोगी पेशी जखमी होते तीही याच मार्गानं. किरणाला दोघींत फरक कळत नाही. फरक दुरुस्तीत पडतो. निरोगी पेशी रात्रभरात बरीचशी सावरते, कॅन्सरची तितकी सावरत नाही. रोज थोडं थोडं देण्यामागे हा विचार आहे.

बरं, इतक्या तुटी होऊनही दोन आठवडे दुखत का नाही? डीएनएची मोडतोड झालेली पेशी लगेच मरत नाही. ती आपलं रोजचं काम करत राहते. मरते ती बहुधा विभाजनाच्या वेळी, कारण तेव्हा तो तुटका धागा उलगडून दुप्पट करावा लागतो. १९०६ साली बेर्गोनिए आणि त्रिबाँदो या दोघांनी हे सूत्ररूपात मांडलं, की ज्या पेशी जास्त वेगानं विभागतात त्यांना किरण जास्त बाधतात. तोंडाच्या आतलं जे ओलं अस्तर असतं, त्याच्या तळाच्या थरात नव्या पेशी सतत तयार होतात, वर सरकतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत झडून जातात. म्हणजे तळाला कारखाना आणि वर दुकान. किरणांनी कारखाना बंद पाडला तरी दुकानात माल शिल्लक असतो, गिऱ्हाइकाला काही कळत नाही. माल संपला की फळ्या रिकाम्या दिसतात. दादांचा तिसरा आठवडा तो हाच.

बराच काळ डॉक्टरमंडळींनाही एवढंच स्पष्टीकरण पुरेसं वाटत होतं. अस्तर गेलं, खालच्या नसा उघड्या पडल्या, म्हणून दुखतं. पण २००४च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टीफन सोनिस यांनी या तोंड येण्याचं, ज्याला म्युकोसायटिस म्हणतात, त्याचं पाच टप्प्यांचं चित्र मांडलं, आणि त्यात गोष्ट पहिल्या दिवसापासूनच सुरू होते. फक्त ती अस्तराच्या खाली सुरू होते, तिथल्या जोडऊतीत आणि बारीक रक्तवाहिन्यांत. रॅडिकलांच्या हल्ल्यानं पेशींमधला एनएफ-कप्पा-बी नावाचा एक मोठा स्विच चालू होतो. तो चालू झाला की पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ आणि ६ असले निरोप बाहेर सोडू लागतात. हे निरोप शेजारच्या पेशींतला तोच स्विच चालू करतात. त्या पेशी आणखी निरोप सोडतात. गावात एकानं 'आग, आग' ओरडावं, ते ऐकून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, आणि शेवटी पहिल्यानं काय पाहिलं हे कुणी विचारूच नये, तसं काहीसं. अस्तर फाटण्याच्या आधीच ही बोंब सुरू झालेली असते. मग अस्तर फाटतं, तोंडातले जंतू उघड्या जागेवर वस्तीला येतात आणि त्यांच्या कवचांच्या तुकड्यांमुळे आणखी निरोप सुटतात. त्यात लाळेच्या ग्रंथी मार खातात, तोंड कोरडं पडतं, आणि अस्तराला जे काही संरक्षण होतं तेही कमी होतं.

आता नसांकडे येऊ. इजेची वर्दी देणाऱ्या नसांना नोसिसेप्टर म्हणतात. शेरिंग्टन यांनी ही कल्पना मांडली तीही १९०६ सालच्याच पुस्तकात, हा एक योगायोग. मज्जातंतूंच्या प्रौढ पेशी विभागत नाहीत, म्हणून रोजच्या मात्रेनं त्या पटकन मरत नाहीत. पण त्या ज्या भागात राहतात तिथे आता निरोपांचा पूर आलेला असतो. प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन, नसांच्या वाढीसाठीचं एनजीएफ हे प्रथिन. हे पदार्थ नसेच्या टोकाला चिकटतात आणि तिचा उंबरठा खाली आणतात.

उंबरठा खाली येतो म्हणजे काय, ते मिरचीवरून चांगलं कळतं. आपल्या नसांच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक दार असतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ते १९९७ साली शोधलं, आणि त्या कामाला २०२१ साली नोबेल मिळालं. हे दार साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनं उघडतं, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननंही उघडतं. मिरची 'तिखट' लागते यापेक्षा ती 'भाजते' म्हणणं जास्त खरं आहे, मेंदूला दोन्हीकडून एकच वर्दी जाते. आता सूज आली की वर सांगितलेले पदार्थ या दाराची खिटी सैल करतात. आम्लपणा वाढला की आणखी सैल. मग ते ४३ ऐवजी शरीराच्या नेहमीच्या तापमानालाही उघडू शकतं. लक्षात घ्या, आपल्या तोंडाची स्वतःची ऊब तिथे विस्तवाचं काम करते! आमच्या वहिनी बिचाऱ्या वरण निववून निववून द्यायच्या, त्यात मिरची सोडा, हिंगसुद्धा नसायचं. दादा पहिला चमचा घेऊन ताट सरकवायचे. वहिनींना वाटायचं, हे हट्टीपणा करताहेत. एकदा म्हणाल्याही, "अहो, कोमट तर आहे!" कोमटच होतं. पण भाजत होतं, तेही खरंच होतं. दोघंही खरं बोलत होते.

याच्या वरचा मजला मज्जारज्जूचा. खालून सतत वर्दी येत राहिली की मज्जारज्जूतल्या पुढच्या पेशी आपला आवाज आपणच वाढवून ठेवतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली हे दाखवलं. मग साधा स्पर्श, जीभ हलवणं, बोलणं, हेसुद्धा वेदना होऊन पोचतं, आणि जिथे जखम नाही अशा आजूबाजूच्या जागाही दुखू लागतात. म्हणजे देकार्तची दोरी नुसती दोरी राहत नाही. ती ताणली की जाड होते, जास्त ओढ घेते, आणि घंटाही मोठी होत जाते. चिठ्ठीतल्या प्रश्नाला आमचं उत्तर हेच : त्या दोरीत हे बसत नाही. बाहेरचा किरण कधीच निघून गेला. आता जे दुखतंय ते शरीराचं स्वतःचं काम आहे. तुटलेल्याची दखल घेणं, साफसफाई, दुरुस्ती, आणि त्यात थोडा अतिरेक. आपला 'वेदना' हा शब्द विद् धातूपासून आला, त्याचा अर्थ जाणणं. इथे शरीराला कळायला दोन आठवडे लागले, इतकंच.

आणि या कळण्याचं वेळापत्रक विचित्र आहे. दुखणं सर्वांत जास्त असतं ते उपचार संपण्याच्या सुमारास आणि नंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत. रुग्णाला वाटतं, संपलं एकदाचं, आता उद्यापासून उतार. तसं होत नाही, कारण कारखाना पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो. बहुतेकांचं तोंड संपल्यावर दोन ते चार आठवड्यांत भरत येतं, काहींना जास्त लागतात. हे आधी सांगितलं तर माणूस धीर धरतो. दादांना कुणी सांगितलं नव्हतं. एका छापील कागदावर सही घेतली होती, त्यात बहुधा सगळं लिहिलेलं असेल.

आता ते नऊ दिवस. कॅन्सरच्या पेशीही विभागत असतात, आणि उपचाराचा मार बसल्यावर काही आठवड्यांनी उरलेल्या पेशी जास्तच वेगानं विभागायला लागतात. १९८८ साली विदर्स आणि सहकाऱ्यांनी घशाच्या कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांच्या नोंदी एकत्र करून दाखवलं, की साधारण चौथ्या आठवड्यापासून ही वाढ जोर धरते. तिथून पुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसाची भरपाई करायला सुमारे ०.६ ग्रे जास्त लागतील असा त्यांचा अंदाज निघाला. रोजचे मिळतात दोन. म्हणजे घरी बसलेला दिवस नुसता वाया जात नाही, आधी कमावलेल्यातलं थोडं खातो. दादा नऊ दिवसांनी परत गेले, उरलेले सगळे दिवस पूर्ण केले, नाकात नळी घालून केले. दुसऱ्या वर्षी आजार उलटला आणि ते गेले. त्या नऊ दिवसांमुळेच, असं म्हणता येत नाही. एका माणसाच्या बाबतीत तसं कुणालाच सांगता येणार नाही. पण वहीतल्या त्या प्रश्नाला आम्ही तेव्हा उत्तर देऊ शकलो असतो, तर ते घरी बसले नसते असं आम्हाला वाटतं.

दुखणं सहन करण्यासारखं ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे, लाड नव्हे. मिठाच्या आणि सोड्याच्या गुळण्या, बेंझिडामिनच्या गुळण्या, काही ठिकाणी कमी शक्तीचा लेझर, आणि एवढ्यानं भागलं नाही तर मॉर्फिन. आपल्याकडे मॉर्फिनचं नाव काढलं की नातेवाईक दचकतात, 'म्हणजे शेवट आला का?' किंवा 'सवय लागेल ना?' मॉर्फिन त्या वाढवलेल्या आवाजावर मज्जारज्जूत आणि मेंदूत काम करतं. तोंड भरत आलं की डॉक्टर ते हळूहळू उतरवतात. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळवणं रुग्णालयांनाही जिकिरीचं झालं होतं, २०१४च्या दुरुस्तीनं वाट थोडी सोपी झाली. गंमत म्हणा की शोकांतिका, कायदेशीर अफू पिकवणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत आपला देश आहे.

आता दोन वेगळे प्रकार, थोडक्यात. कॅन्सर हाडात पसरला तर त्या हाडावर रेडिएशन देतात ते दुखणं कमी करायलाच. बऱ्याचदा एकदाच, आठ ग्रे. पण सुमारे तिघांत एकाला पहिल्या काही दिवसांत दुखणं आधी वाढतं. तिथेही तेच निरोप, तीच सूज, फक्त हाडाच्या आत, जिथे फुगायला जागा नाही. एक-दोन दिवसांत, फार तर थोड्या दिवसांत, ते ओसरतं, आणि डेक्सामेथासोन आधी दिलं तर त्याची शक्यता कमी होते. औषध लागू पडलं नाही असा अर्थ काढून लोक हताश होतात, म्हणून हे सांगितलं.

दुसरा प्रकार उशिराचा, आणि तो जास्त अवघड. काही रुग्णांत महिन्यांनी, कधी वर्षांनी वेगळंच दुखणं सुरू होतं. इथे टीजीएफ-बीटा नावाच्या निरोपाचा मोठा हात असतो. तो जोडऊतीतल्या पेशींना 'तंतू विणा' म्हणून सांगतो, आणि जखम भरली तरी विणकाम थांबत नाही. बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात. ऊती राठ होते, जबडा उघडत नाही, मान आखडते. छातीच्या उपचारानंतर हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्याभोवती असे तंतू आवळले गेले तर हाताला मुंग्या, बधिरपणा, कधी वीज चमकल्यासारखी कळ येते. आता मात्र नस स्वतःच जखमी आहे. साध्या वेदनाशामकानं तिथे फारसं होत नाही, नसांच्या दुखण्याची निराळी औषधं लागतात. आजच्या यंत्रांनी मात्रा बरीच नेमकी देता येते, त्यामुळे हे प्रमाण कमी झालं आहे. जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झाल्यावर दात काढला तर ती जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि दुखत राहतं. म्हणून रेडिएशनच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवतात. लोकांना वाटतं, कॅन्सर राहिला बाजूला आणि हे दात कसले बघतात! तर ते यासाठी बघतात. आणि नंतर कधीही दात काढायची वेळ आली, तर 'मला इथे रेडिएशन झालंय' हे दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. दहा वर्षं झाली असली तरी.

चिठ्ठी पाठवणाऱ्या बाई आज समोर बसल्या आहेत असं आत्ताच कळलं. बाई, यजमानांचा कितवा दिवस आहे? अठरावा. मग उद्या डॉक्टरांना तीन गोष्टी नेमक्या सांगा : गिळताना किती दुखतं ते दहापैकी आकड्यात, या आठवड्यात वजन किती उतरलं, आणि रात्री झोप किती तास लागते. 'थोडं दुखतं' असं सांगू नका. आमच्या दादांनीही तेच सांगितलं होतं.

वेळ होत आली आहे. पुढच्या खेपेला, जो हातच उरलेला नाही तो कसा दुखतो, हा आज राहिलेला विषय घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा, माईक मागे द्या.